कुजणारी पन्नी: पारख, वापर आणि विल्हेवाट

तीन वर्षांपूर्वी आमच्या फ्लॅट स्कीमसाठी ओल्या कचऱ्याच्या पन्न्या, म्हणजे प्लास्टिकच्या पिशव्या, आणण्याचे काम माझ्याकडे आले आणि मी नागपूरच्या इतवारी बाजारातल्या एका घाऊक दुकानातून पाच पाकिटे उचलली. फिकट हिरवा रंग, त्यावर पानाचे चित्र आणि खाली 'शंभर टक्के बायोडिग्रेडेबल' अशी ठळक अक्षरे एवढ्यावर माझे समाधान झाले. “भाऊ, ह्या कुजतात ना?” असे मी विचारले, तेव्हा “ताई, लिहिलेलंच आहे नं त्याच्यावर,” असे उत्तर मिळाले आणि मी पैसे मोजले. पाच महिन्यांनी गच्चीवरच्या ड्रममधले खत चाळायला घेतले, तेव्हा चाळणीवर करंगळीच्या नखाएवढे हिरवे कपटे उरू लागले. त्याहून बारीक कपटे चाळणीतून खाली जाऊन खतात मिसळत होते, ते वेगळेच. अख्खी दुपार वेचण्यात गेली, तरी ते सगळे निघाले नाहीत आणि ते खत भाजीच्या कुंड्यांना घालण्याची हिंमत शेवटपर्यंत झाली नाही.

तेव्हापासून मी खरेदीचा क्रम उलटा केला आहे. वस्तू वापरून झाल्यावर नेमकी कोठे जाणार हे आधी ठरवायचे आणि त्या जागेला साजेल अशी वस्तू असेल तरच ती विकत घ्यायची. स्कीममध्ये खताचा ढीग नसेल, आसपास कोणाकडेही तो नसेल आणि पिशवी कचरागाडीतून थेट भांडेवाडीच्या कचरा डेपोला जाणार असेल, तर दुप्पट-तिप्पट दराची कुजणारी पिशवी घेण्यात फारसा अर्थ नाही. अशा घरांनी ओला कचरा उघड्या बादलीतून गाडीत ओतावा आणि बादली धुवून घ्यावी, हे मी स्पष्टच सांगते. ज्यांच्याकडे ढीग आहे किंवा तो करण्याची तयारी आहे, त्यांच्यासाठी पुढचे सारे आहे.

शब्दांतला घोळ

बाजारात तीन निरनिराळ्या वस्तू एकाच नावाखाली विकल्या जातात. पहिली वस्तू वनस्पतीपासून बनलेली असते, पण ती कुजेलच असे नाही. उसापासून तयार केलेले पॉलिथीन रेणूच्या दृष्टीने खनिज तेलापासून केलेल्या पॉलिथीनसारखेच असते आणि मातीत तितकीच वर्षे पडून राहते. दुसरी वस्तू म्हणजे ऑक्सो-विघटनशील प्लास्टिक, अर्थात साध्या पॉलिथीनमध्ये कोबाल्ट, मँगनीज अशा धातूंचे क्षार मिसळून केलेली पिशवी. ऊन आणि हवा लागली की ती ठिसूळ होऊन तिचा चुरा होतो, पण चुरा होणे म्हणजे कुजणे नव्हे. युरोपीय संघाने २०१९च्या निर्देशानुसार अशा प्लास्टिकच्या वस्तू जुलै २०२१पासून बाजारातून बंद केल्या. माझ्या ड्रममधल्या कपट्यांचे लक्षण याच जातीचे होते.

तिसरी वस्तू, म्हणजे कंपोस्टेबल प्लास्टिक, हीच आपल्या कामाची. पातळ पिशव्यांमध्ये बहुधा पीबीएटी नावाचे लवचिक बहुवारिक (पॉलिमर), मका किंवा टॅपिओकाचा स्टार्च आणि थोडे पीएलए, म्हणजे पॉलिलॅक्टिक आम्ल, यांचे मिश्रण असते. गंमत अशी की यांतील पीबीएटी हे प्रामुख्याने खनिज तेलापासूनच तयार होते, तरीही ते कुजते, कारण त्याच्या साखळीतले एस्टर बंध पाणी आणि सूक्ष्मजीवांची विकरे (एन्झाइम) तोडू शकतात. पॉलिथीनच्या साखळीत कार्बनला कार्बन जोडलेला असतो आणि तिथे सूक्ष्मजीवांना दात लावायला जागाच सापडत नाही. वस्तू कशापासून बनली यापेक्षा तिच्या रेणूची जोडणी कशी आहे, यावर तिचे कुजणे ठरते. पीएचए नावाचा आणखी एक प्रकार जिवाणू स्वतःच्या पेशीत साठवतात आणि तो मातीत व समुद्राच्या पाण्यातही कुजतो, पण किमतीमुळे तो आपल्या बाजारात क्वचितच दिसतो.

आधी अक्षरे वाचावीत

केंद्राच्या २०१६च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनुसार कंपोस्टेबल प्लास्टिकने आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक पाळावे लागते आणि अशा पिशव्यांच्या उत्पादकाला किंवा विक्रेत्याला विक्रीपूर्वी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्यामुळे पिशवीवर उत्पादकाचे नाव, प्रमाणपत्राचा क्रमांक आणि 'कंपोस्टेबल' हा शब्द या तीन गोष्टी असल्याच पाहिजेत. नुसते 'बायोडिग्रेडेबल', 'इको फ्रेंडली' किंवा 'अर्थ सेफ' असे लिहिलेले असेल, तर पिशवी परत दुकानदाराच्या हातात द्यावी. क्रमांक सापडला की तो मंडळाच्या संकेतस्थळावरील प्रमाणपत्रधारकांच्या यादीशी ताडून पाहावा. यादीतले नाव आणि पिशवीवरचे नाव अक्षरशः एकच आहे की नाही, हेही तपासावे, कारण एका कंपनीचा क्रमांक दुसऱ्याच्या पिशवीवर छापणे काही अवघड नाही.

बनावटगिरीचे मूळही नियमातच सापडते. ३१ डिसेंबर २०२२पासून साध्या प्लास्टिकच्या कॅरीबॅगची जाडी १२० मायक्रॉनपेक्षा कमी असून चालत नाही, परंतु कंपोस्टेबल पिशवीला जाडीची ही अट लागू नाही. साहजिकच, ज्याला पातळ पॉलिथीनच विकायचे आहे त्याला 'कंपोस्टेबल' हा शब्द म्हणजे उघडे दारच वाटते. महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ रोजी काढलेल्या अधिसूचनेत तर कॅरीबॅगवर सरसकट बंदी आहे आणि कंपोस्टेबल पिशव्यांना सवलत दिली ती रोपवाटिका, फलोत्पादन, शेती आणि घनकचरा हाताळणी या कामांपुरती. बंदीचा पहिला भंग झाल्यास पाच हजार रुपये दंड आहे. म्हणून ओल्या कचऱ्यासाठी घेतलेली पिशवी त्याच कामाला वापरावी. तीत वांगी-बटाटे भरून कॉटन मार्केटमधून घरी आणू नयेत. त्या कामाला जुन्या साडीची किंवा मांजरपाटाची पिशवीच चांगली.

१७०८८ या आकड्यामागे काय आहे, हे कळले की पुढची बरीच निराशा टळते. या मानकाची चाचणी सुमारे ५८ अंश सेल्सिअस तापमानाच्या कंपोस्टमध्ये होते. तीत १२ आठवड्यांनंतर २ मिलिमीटरच्या चाळणीवर मूळ वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक तुकडे उरता कामा नयेत आणि १८० दिवसांच्या आत ९० टक्के कार्बन वायुरूपात गेला पाहिजे. शिवाय जड धातूंवर मर्यादा असते आणि तयार खतात रोपे नीट उगवतात का, हेही पाहिले जाते. यात कळीचा शब्द आहे ५८ अंश. नुसती मातीत पुरलेली पिशवी, अंबाझरी तलावात पडलेली पिशवी किंवा नाग नदीच्या काठच्या झुडपाला अडकलेली पिशवी यांच्याविषयी हे मानक काहीही कबूल करत नाही. काही परदेशी संस्था २० ते ३० अंशांवर वर्षभर चाचणी घेऊन 'होम कंपोस्टेबल' असा वेगळा शिक्का देतात. तो असेल तर गच्चीवरच्या ड्रमसाठी ती पिशवी अधिक योग्य.

ग्लासभर पाण्यातली परीक्षा

कागदपत्रे पाहून झाली, तरी पहिल्या पाकिटातली एक पिशवी घरी तपासून पाहण्यास हरकत नसावी. तिचा दोन बोटे रुंदीचा सपाट तुकडा कापावा. साबणाच्या पाण्यात बुडवून तो दोन्ही बाजूंनी बोटाने चोळावा, म्हणजे चिकटलेले हवेचे बुडबुडे निघून जातात. मग काचेच्या ग्लासात पाणी घेऊन तो तुकडा चमच्याने तळापर्यंत दाबावा आणि सोडून द्यावा. पॉलिथीनची घनता पाण्यापेक्षा कमी, म्हणजे सुमारे ०.९१ ते ०.९६ असते, त्यामुळे त्याचा तुकडा सावकाश वळसे घेत वर येतो. पीएलए आणि पीबीएटी यांची घनता १.२५च्या आसपास असल्याने त्यांचा तुकडा तळाशी बसून राहतो. इतवारीच्या त्या पिशव्यांपैकी उरलेल्या एकीचा तुकडा मी असा सोडला, तेव्हा चमचा बाहेर निघण्याच्या आतच तो वर येऊन तरंगू लागला.

ही परीक्षा एकाच बाजूने पक्की आहे, हे मात्र ध्यानात ठेवावे. तुकडा तरंगला तर पिशवी नापास, यात शंका नको. बुडाला तर ती पास झाली असे म्हणता येत नाही, कारण पॉलिथीनमध्ये खडूची भुकटी भरपूर मिसळली की तेही जड होऊन बुडते. कोणी टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकून निळा-काळा डाग पाहण्याचा उपाय सांगतात. त्यावरून स्टार्च आहे एवढेच कळते, आणि स्टार्च मिसळलेले पॉलिथीनही बाजारात असतेच. पिशवी जाळून वास घेण्याचा उद्योग करू नये.

कोणत्या कामाला काय

कंपोस्टेबल प्लास्टिकचा सर्वांत सरळ उपयोग म्हणजे ओल्या कचऱ्याच्या डब्यातले अस्तर. स्वयंपाकघरातला कचरा पिशवीसकट ढिगात जातो, डबा धुवावा लागत नाही आणि कचरा पिशवीतून उपसण्याचे किळसवाणे काम वाचते. डब्यात आधी वर्तमानपत्राचा एक कागद अंथरावा आणि पिशवी दोन दिवसांहून अधिक ठेवू नये, कारण ओल आणि उष्णता यांनी ती ढिगात जाण्यापूर्वी डब्यातच कुजायला लागते आणि उचलताना तिचा तळ सुटतो. हा तिचा दोष म्हणता येणार नाही, तिच्याकडून आपल्याला नेमके तेच हवे आहे. याच कारणाने वर्षाचा साठा एकदम घेऊ नये. तीन-चार महिने पुरतील एवढीच पाकिटे घ्यावीत आणि ती गच्चीच्या खोलीत न ठेवता घरातल्या सर्वांत थंड, कोरड्या कपाटात ठेवावीत. नागपूरच्या मे महिन्यात गच्चीवरच्या पत्र्याखाली ठेवलेले पाकीट जून उजाडेपर्यंत हातात फाटते.

ग्लास, वाट्या आणि चमचे यांबाबत मी अधिक कडक आहे. पारदर्शक पीएलएचा ग्लास ५५ ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतो. थंड पाणी, ताक किंवा संत्र्याचा रस यांना तो चालतो, पण चहा ओतला की तो हातातच वाकतो, आणि मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेली ग्लासांची थप्पी वापरण्याआधीच वाकडी होते. सावजीचा रस्सा किंवा पोह्यांवरची कढत तर्री पातळ कुजणाऱ्या पिशवीत बांधून देण्याचा विचारही करू नये, स्टीलचा डबा न्यावा. समारंभात गरम जेवणासाठी उसाच्या चिपाडाच्या ताटल्या ठीक आहेत. मात्र विदर्भात पळसाच्या पानांच्या पत्रावळी आणि द्रोण मिळत असताना कारखान्यातली वस्तू कशाला शोधायची, असा माझा पूर्वग्रह आहे आणि तो मी लपवत नाही. चंदेरी मुलामा असलेले कागदी द्रोण आणि आतून गुळगुळीत असे कागदी कप दिसायला कागदाचे असले, तरी त्यांच्या आत बहुधा प्लास्टिकचा पातळ थर असतो. ते ढिगात टाकू नयेत.

ढीग

आता मुख्य काम. घरगुती ड्रममधले तापमान साधारणपणे ३५ ते ४५ अंशांपर्यंत जाते आणि त्यात पिशवी कुजायला फार वेळ लागतो. ढीग तापण्यासाठी त्याला आकारमान लागते. किमान एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच एवढा ढीग असेल, तरच आतली उष्णता बाहेर निसटण्याआधी साठते. आमच्या २४ गाळ्यांच्या स्कीममध्ये आम्ही मागच्या भिंतीजवळ, विटांमध्ये चार बोटांच्या फटी ठेवून, असे दोन हौद बांधले. एक भरत असतो आणि दुसरा पिकत असतो.

तळाशी काटक्यांचा वीतभर थर द्यावा, म्हणजे खालून हवा खेळते. त्यावर कोरडी पाने आणि ओला कचरा यांचे थर द्यावेत. आकारमानाने पाने दोन भाग आणि ओला कचरा एक भाग हे प्रमाण आमच्याकडे बरे जमते. कोरडी पाने वर्षभर मिळत नाहीत, तेव्हा ती साठवण्याचे दिवस चुकवू नयेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुनिंबाची पानगळ होते, त्या काळात रस्त्याकडेचा पाला जाळला जाण्याआधी पोत्यांत भरून ठेवावा. त्या दोन महिन्यांतली तीस-चाळीस पोती आम्हाला पुढे पावसाळाभर पुरतात. पहिल्या खेपेला विरजण म्हणून शेणाचा काला किंवा जुने खत घालावे. हिवाळ्यात घरोघरी संत्री सोलली जातात आणि सालींचा ढीग पडतो. साल बारीक करून थोडी थोडी घालावी, कारण तिच्या तेलातले लिमोनीन सूक्ष्मजीवांना मानवत नाही आणि एकदम टोपलीभर साल पडली की ढीग थंडावतो. आमचा एका डिसेंबरात आठवडाभर असाच रुसला होता.

कंपोस्टेबल पिशवी ढिगात टाकताना तिची गाठ सोडावी, ती कात्रीने उभी चिरावी आणि पसरून ढिगाच्या मध्यभागी, ओल्या थरात ठेवावी. गाठ मारलेली पिशवी तशीच टाकली तर आत हवा पोहोचत नाही, कचरा आंबतो आणि दुर्गंधी सुटते, आणि मग सारी स्कीम सेक्रेटरीला जबाबदार धरते. कडेला आणि वरच्या थरात तापमान कमी असते, म्हणून तिथे पिशवी नको. पिशव्या हे ढिगाचे अन्न नव्हे. ओल्या कचऱ्याबरोबर जेवढ्या ओघाने येतील, तेवढ्याच त्यात जाव्यात.

ओलावा मुठीने तपासता येतो. ढिगातले मूठभर मिश्रण घट्ट पिळले असता बोटांच्या फटीत एक-दोन थेंब दिसावेत. पाणी गळू लागले तर पाने वाढवावीत, काहीच ओल जाणवली नाही तर पाणी शिंपडावे. उन्हाळ्यात पारा ४५च्या पुढे गेला की ढीग कुजण्यापेक्षा वाळतोच जास्त. बाहेरचे ऊन त्याला मदत करते हा गैरसमज आहे, कारण कोरड्या पानांत सूक्ष्मजीव काम करू शकत नाहीत. त्या दिवसांत वर भिजवलेली गोणपाटे टाकावीत आणि रोज संध्याकाळी ती पुन्हा ओली करावीत. पावसाळ्यात याच्या उलट, वर पत्रा किंवा ताडपत्री तिरकी बसवावी, पण बाजू मोकळ्या ठेवाव्यात.

लांब दांड्याचा डायलचा थर्मामीटर घेतला तर अंदाजाचे काम उरत नाही. तो मध्यभागी हातभर खोल खुपसावा. ढीग नीट जमला असेल तर तीन-चार दिवसांत काटा ५५च्या पुढे जातो. ५५ ते ६५ अंश हा पिशव्यांसाठी हवा असलेला पल्ला. काटा ७०कडे सरकू लागला तर ढीग लगेच उलटावा, कारण त्या उष्णतेत उपयोगी सूक्ष्मजीवही मरतात. तो ४५च्या खाली उतरला तरीही ढीग उलटावा, पाणी द्यावे आणि नवा ओला कचरा मध्यभागी घालावा. एरवी दर पाच-सहा दिवसांनी ढीग उलटणे पुरते, मात्र उलटताना बाहेरचा भाग आत जाईल असे पाहावे. एवढे करूनही असा ढीग ५५च्या वर सलग दोन-तीन आठवडेच टिकतो, कारखान्यातल्या कंपोस्टइतका नव्हे. त्यामुळे पातळ पिशवी त्यात संपते, पण पीएलएचे जाड ग्लास व चमचे जवळजवळ जसेच्या तसे बाहेर येतात. ते विकत न घेण्याचे माझे मुख्य कारण हेच आहे.

ढीग नसलेल्या घरी कंपोस्टेबल पिशवी आलीच, तर ती सुक्या कचऱ्यात किंवा कबाडीवाल्याच्या पोत्यात टाकू नये. पॉलिथीनच्या किंवा पाण्याच्या बाटल्यांच्या पुनर्चक्रीकरणात ती मिसळली तर सारा माल नासवते, आणि वेचणाऱ्या बाईला हातात धरून ती ओळखू येत नाही. कचरा प्रक्रिया केंद्राच्या चाळणीलाही ती ओळखू येत नाही. ती तिथे बाकीच्या प्लास्टिकबरोबर बाजूला काढली जाते.

नव्या कंपनीच्या पिशव्या घेतल्या की त्यांची एक नोंद ठेवावी. पिशवीतून हाताच्या तळव्याएवढ्या दहा पट्ट्या कापून किराणा दुकानातल्या काट्यावर त्यांचे वजन करावे. मग त्या कांद्याच्या जाळीच्या पिशवीत घालाव्यात, तिला लांब नायलॉनची दोरी बांधावी, दोरीचे टोक हौदाबाहेर ठेवावे आणि जाळी ढिगाच्या मध्यात पुरावी. दर वेळी ढीग उलटताना ती पुन्हा मध्यभागीच जाईल याची काळजी घ्यावी. १२ आठवड्यांनी जाळी बाहेर काढून आतला ऐवज बारीक चाळणीवर धुवावा आणि उरलेले तुकडे वाळवून तोलावेत. काहीच उरले नसेल तर त्या कंपनीचे पुढचे पाकीट घ्यावे. थोडे उरले असेल तर ते नव्या ढिगात पुन्हा घालावे. पट्ट्या जवळजवळ अख्ख्याच निघाल्या, तर आधी थर्मामीटरच्या नोंदी पाहाव्यात. ढीग तापलाच नसेल तर दोष पिशवीचा नाही. ढीग तापला होता आणि तुकडे पाण्यावर तरंगतही असतील, तर उरलेली पाकिटे, बिल आणि प्रमाणपत्र क्रमांकाचा फोटो जोडून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नागपूर कार्यालयाकडे लेखी तक्रार द्यावी. त्यासाठी बिल पक्के घेतलेले असावे लागते. इतवारीतल्या त्या खरेदीचे बिल मी घेतले नव्हते.